अंगठ्याच्या नखाएवढी नजर

हात समोर ताठ धरा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. एका क्षणी बारकाईने दिसतं ते साधारण तेवढंच. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, मध्याजवळ एक चिमुकला खळगा असतो आणि बारकावे व रंग टिपणाऱ्या शंकूपेशींची सगळ्यात दाट गर्दी तिथेच असते. समोरच्या दृश्यातला जेमतेम १ ते २ अंशांचा तुकडा त्याच्या वाट्याला येतो. बाकी सगळं कमीअधिक धूसर.

पटत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर रोवा आणि ती न हलवता चार-पाच ओळी खालचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. तिथे अक्षरं आहेत एवढं कळतं, कोणती ते कळत नाही. हा केवळ धूसरपणाचा दोष नाही. कडेच्या नजरेत शेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. तेच अक्षर त्या जागी एकटं असतं तर बहुधा ओळखता आलं असतं. (नजर नकळत खाली घसरली आणि शब्द वाचला गेला, तर तो प्रयोग धरायचा नाही. पहिल्यांदा बहुतेकांचं हेच होतं.)

तरी सगळं लख्ख दिसतंय असं का वाटतं? डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो. एका जागी २०० ते ३०० मिलिसेकंद थांबतो, मग पुढे. जिथलं काही हवं असेल तिथे नजर पोचलेलीच असते, त्यामुळे धूसर भाग धूसर म्हणून पकडलाच जात नाही.

या उड्या स्वतःला दिसत नाहीत, ही त्यातली खरी गंमत. आरशासमोर वीतभर अंतरावर उभे राहा. डोकं स्थिर ठेवून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, पुन्हा डाव्या. डोळे हलताना एकदाही दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट हलताना दिसतील. उडी चालू असताना दृष्टिपटलावरचं चित्र फराटल्यासारखं होतं, आणि नेमक्या त्या वेळी मेंदू दृष्टीची संवेदनक्षमता कमी करतो. हाच प्रयोग मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यावर केला तर फसतो आणि डोळे हलताना दिसतात. कारण पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं. तोवर तुमची उडी संपून नजर स्थिरावलेली असते. काट्याच्या घड्याळाकडे अचानक बघितल्यावर पहिला सेकंद उगाच लांबल्यासारखा वाटतो, तोही याच उडीचा परिणाम.

आता समोरच्या भिंतीच्या कडेवरून नजर सावकाश, सलग सरकवा आणि कुणाला तरी तुमचे डोळे बघायला सांगा. तुम्हाला वाटेल नजर घरंगळत गेली; बघणारा सांगेल, झटके देत गेली. मग स्वतःचं बोट हळूहळू सरकवत त्याच्या टोकाकडे बघा. आता डोळे खरोखर सलग फिरतील. पाठलागाला काही हलतं असल्याशिवाय डोळ्याला सहसा सलग सरकता येत नाही.

चौकात गाडी घालताना हे लक्षात असावं. मान डावीकडून उजवीकडे भर्रकन फिरवली की ‘सगळा रस्ता बघितला’ असं वाटतं, प्रत्यक्षात दोन-तीन थांबेच झालेले असतात. मोटारसायकल किंवा सायकल त्यांच्या मधल्या जागेत सहज हरवते. त्यातून ती गाडीच्या पुढच्या काचेशेजारच्या खांबामागे असेल तर संपलंच. प्रत्येक बाजूला जवळ, मध्ये आणि लांब अशी नजर मुद्दाम थांबवायची, आणि खांबासाठी धड पुढे-मागे करायचं.

पण नजर पोचली म्हणजे दिसलं, असंही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या होत्या. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसडलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राची नोंद सांगते की त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट गोरिलावर गेली होती. माणसं तज्ज्ञ, काम डोळ्यांत तेल घालून चाललेलं. पण शोध गाठींचा होता. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. एका गोष्टीवर लक्ष एकवटण्याची किंमत म्हणून बाकीचं गळतं.

प्रश्न बदलला की नजरेची वाटही बदलते. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी चित्रकार रेपिन यांचं एक चित्र दाखवून निरनिराळे प्रश्न विचारले. यातल्या माणसांची वयं काय, असं विचारल्यावर नजर चेहऱ्यांवर घुटमळली. त्यांनी कोणते कपडे घातलेत, या प्रश्नाला ती अंगावरून खाली उतरली. चित्र तेच होतं.

मुद्रितशोधनात हे थेट कामाला येतं. ‘सगळ्या चुका शोधू’ म्हणून बसलं की ओळखीच्या मजकुरावरून डोळा लांब उड्या मारतो आणि ‘ही’, ‘तो’, ‘व’ यांसारखे छोटे शब्द न थांबता ओलांडतो. मधला दोनदा छापलेला ‘की’ तसाच राहतो. म्हणून एका फेरीत एकच प्रश्न: एक फेरी ऱ्हस्व-दीर्घांची, एक अनुस्वारांची, एक फक्त आकड्यांची. अक्षर मोठं आणि ओळ आखूड केली की उडीत कमी मजकूर मावतो. शेवटचा परिच्छेद आधी वाचला की अर्थाच्या ओघात पुढे ढकललं जाणंही कमी होतं. शीर्षक मात्र वेगळं काढून वाचायचं, तेही अक्षर-अक्षर. सगळ्यात ठळक टाइपातली चूक सगळ्यात शेवटी सापडते.