यूची खुर्ची

“खुर्ची खुशाल घरी न्या, पण या यूच्या झाडाची डहाळी मात्र उंबऱ्याच्या आत आणू नका,” असे इंग्लंडमधल्या बकिंगहॅमशायर परगण्यातील जुन्या सामानाच्या दुकानातील वृद्ध गृहस्थ आज गंभीरपणे म्हणाले आणि ते वाक्य दिवसभर मनातून गेले नाही.

खुर्ची विंडसर घाटाची होती, म्हणजे एकसंध लाकडी बैठकीत पाय आणि पाठीच्या काड्या खोचलेली: बैठक एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची, पाठीची कमान यू या सदाहरित झाडाच्या. यूचा नारिंगी-तपकिरी गाभा आणि त्याबाहेरचा फिकट थर त्या एकाच कमानीत शेजारी शेजारी दिसत होते आणि मला ते विलक्षण सुंदर वाटले. इंग्रज तिरंदाजांची लांब धनुष्ये याच जोडीवर बेतलेली असत, कारण बाहेरचा थर ताण सोसतो आणि गाभा दाब. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर तशी धनुष्ये सापडली आहेत.

डहाळी घरात आली की मृत्यू येतो, ही तिथली जुनी समजूत. हे झाड चर्चच्या दफनभूमीत शतकानुशतके उभे असते, त्याची पाने आणि बिया खरोखरच विषारी असतात, त्यामुळे ती भीती मला निराधार वाटत नाही.

आपल्याकडेही चिंचेवर भुते असतात म्हणून रात्री तिच्याखाली कोणी झोपत नाही, पण खाटकाचा ओंडका चिंचेचाच लागतो. तुमच्या गावी अशी आणखी कोणती झाडे आहेत?