माझ्या वाट्याची चौकट

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे पत्र आले आणि मला सर्वांत आधी आठवली ती सभागृहाकडे जाणाऱ्या व्हरांड्यातली भिंत. तिच्यावर एके काळी महाराष्ट्राचा आठ फूट रुंद, सहा फूट उंच नकाशा होता, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

आम्ही सातवीत असताना चित्रकलेच्या सरांनी तो काढायला घेतला, तेव्हा एवढी मोठी भिंत पाहूनच आमचे हातपाय गळाले होते. सरांनी पुस्तकातल्या लहान नकाशावर एकेका सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या, गेरूत बुडवलेले सूत भिंतीवर ताणून एकेका फुटाच्या तितक्याच चौकटी पाडल्या आणि वर्गातल्या 48 जणांना त्या वाटून दिल्या. दर शनिवारी शाळा सुटल्यावर सहा जणांनी बसायचे, असा क्रम ठरला. काहींच्या वाट्याला नुसता अरबी समुद्र आला; त्यांचा मला फार हेवा वाटे.

माझ्या चौकटीतून भीमा वाहत होती. ती मी मन लावून रंगवली, परंतु शेजारच्या चौकटीतली मित्राची भीमा माझ्यापेक्षा चांगली दोन बोटे वर येऊन थांबली. चूक कोणाची, यावरून आमची जुंपली. सरांनी निवाडा केला नाही. रंग वाळायच्या आत त्यांनी दोघांच्याही नदीचे टोक ओल्या फडक्याने पुसून टाकले आणि म्हणाले, "नदीला तुमच्या चौकटी ठाऊक नाहीत. आता दोघे मिळून रेषेपासून सुरुवात करा आणि आपापल्या बाजूला जा."

पुढे अभियंता होऊन मी कोकण रेल्वेच्या बांधकामावर रुजू झालो. श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते ठोकूर हा 741 किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटून प्रत्येक विभाग एकेका मुख्य अभियंत्याकडे सोपवलेला होता. संपूर्ण मार्ग 1998 मध्ये खुला झाला, तरी ठोकूर-उडुपी आणि रोहा-वीर हे दोन्ही टोकांचे टप्पे 1993 मध्येच सुरू झाले होते. या वाटणीचे कौतुक सर्वांनीच केले. मला मात्र धाकधूक असे ती सांध्यांची. दोन्ही तोंडांकडून खणत आणलेला बोगदा डोंगराच्या पोटात एक होईपर्यंत आम्ही मध्यरेषा आणि पातळी पुन्हापुन्हा तपासत असू, आणि दर वेळी मला सरांच्या हातातले ते फडके दिसे.

गेल्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा त्या भिंतीवर चकचकीत फरशा बसवलेल्या होत्या. सरही आता नाहीत. आमच्या भीमेचा सांधा शेवटी इतका बेमालूम जुळला होता की, अगदी जवळ गेल्यावरच तिथला निळा रंग किंचित गडद दिसे; तेवढ्या जागेवर दोघांचाही कुंचला फिरला होता.