पडलेली भिंत आणि शेजारचा गडगा

जुलैत भल्या पहाटे फोन वाजला की छातीत धस्स होतं. त्या दिवशी फोन गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचा होता. आयुष्यभराच्या कमाईतून त्यांनी डोंगरउतारावर घर बांधलेलं. "साहेब, मागची भिंत रात्री पडली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चिखल आलाय. जमलं तर लगेच या."

मी सिव्हिल इंजिनिअर. वाटेत आमच्या गवंडी मामांना गाडीत घेतलं. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण दगडाचं काम असलं की मी त्यांच्याशिवाय पाऊल टाकत नाही.

पाऊस थांबलेला नव्हता. सिमेंट ब्लॉकची, दोन मीटर उंचीची भिंत जवळजवळ सगळी आडवी झाली होती. शोभेसाठी तिच्यावर जांभ्याच्या पातळ फरश्या चिकटवलेल्या. त्या चिखलात पसरल्या होत्या. मी ढिगारा नीट पाहिला. पाणी बाहेर पडायला भिंतीत एकही भोक ठेवलेलं नव्हतं, मागे खडीही नव्हती. भिंतीमागे दोन मीटर पाणी तुंबलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीला नुसत्या पाण्याचाच सुमारे दोन टनांचा रेटा बसतो. भिजलेल्या मातीचा रेटा वेगळा. ही भिंत वर्षभर टिकली हेच खूप.

मामांचं लक्ष मात्र शेजारच्या कुळागराकडे, म्हणजे सुपारीच्या बागेकडे. तिथे बिनचुन्याचा जांभ्याचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली भिंत, उभा होता. उतार तोच, पाऊस तोच, उंचीही साधारण तेवढीच. चिऱ्यांच्या सांध्यासांध्यांतून पाणी झिरपत होतं आणि खालच्या पाटातून व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, चाललं होतं. मामांनी सांध्यात बोटं घातली. "ह्याला सिमेंट भरलं असतं ना, हाही गेला असता."

गुरुजी म्हणाले, "आता काँक्रीटचीच भिंत घालू. लोखंड हवं तेवढं वापरा."

काँक्रीटची भिंत नीट आखली, पाण्याला वाट दिली, तर ती उत्तम उभी राहते. तसं मी त्यांना सांगितलंही. पण या जागेला तिची गरज नव्हती. एका उंच भिंतीऐवजी कमरेएवढे दोन गडगे घालायचे आणि मध्ये रुंद मेर, म्हणजे मातीची सपाट पट्टी, सोडायची. कुळागरं याच पद्धतीने उतार धरून ठेवत आली आहेत. मेरेवर सुपारी, केळी, गवती चहा लावता येतो. मुळं माती धरतात आणि पाणी टप्प्याटप्प्याने खाली उतरतं.

"पण चुना-सिमेंट न लावता दगड टिकतील?" गुरुजींची शंका रास्त होती. मी त्यांना तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाची आठवण करून दिली. कदंबांच्या काळातलं ते काळ्या दगडाचं देऊळ सांध्यात चुना न भरता उभं केलेलं आहे. तिथे दगड बसतात ते घडणीच्या अचूकतेमुळे. आपल्या गडग्यात तेवढी लागत नाही, पण नेम तोच: दगडाने दगडाला पेललं पाहिजे. पाया उंचीच्या निम्म्याहून कमी रुंद नको, भिंत डोंगराकडे जरा कललेली हवी, अधूनमधून लांब दगड आत खोलवर गेलेला हवा आणि मागे मातीऐवजी दगडगोट्यांची भरण हवी. गडगा थोडा फुगला तर लांबूनच दिसतो. तेवढाच भाग उतरवून त्याच चिऱ्यांनी पुन्हा रचता येतो. समोरच्या ब्लॉकच्या तुकड्यांचा तसा उपयोग होणार नव्हता.

जांभा सरसकट चांगला असतो असं मी म्हणणार नाही. खाणीतून निघाल्यावर तो मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. म्हणून नवा चिरा काही काळ उघड्यावर सुकू द्यावा. ज्याच्या पोकळ्यांत पांढरट चिकणमाती भरलेली दिसते, तो चिरा मामा थेट बाजूला टाकतात. ओल्या गोव्याचे वारे-पाऊस जांभ्यालाही झिजवतात. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चचा गिलावा गेल्या शतकात काढला गेला, तेव्हापासून तिथला उघडा जांभा पावसाचा मारा झेलतो आहे. म्हणून गडग्याच्या माथ्यावर टणक, मोठे दगड ठेवायचे, पावसाची धार त्यांनी घ्यावी.

नव्या खाणीतून चिरे मागवण्यावर मी फारसा खूश नव्हतो. उकरून सोडलेल्या खाणी पावसाळ्यात पाण्याने भरतात, त्यांना कुंपणही नसतं. गुरुजींनाच आठवलं, की गावात एक जुनी माडी पाडायची आहे. तिचे चिरे मातीत बसवलेले, त्यामुळे अखंड निघणार होते. मामा म्हणाले, "तेच घ्या. इतके पावसाळे काढलेला दगड आहे, पारखायचं निम्मं काम झालंय."

आधी मात्र वरच्या बाजूने येणारं पाणी वळवायचं होतं. अंगणभर ओतलेल्या काँक्रीटमुळे ते जिरायला जागाच नव्हती. आम्ही तिघांनी कुदळी घेतल्या आणि दुपारपर्यंत घराला वळसा घालून व्हाळापर्यंत चर खणला. गुरुजींच्या पत्नीने पेज आणि सुकटाची किसमूर पुढे ठेवली, तेव्हा स्वयंपाकघरातला चिखल वाढायचा थांबला होता. अंगणाचं काँक्रीट फोडून वाळूवर चिरे बसवायचे, असं जेवतानाच ठरलं.