सहावीचं एक सत्र आणि भिंतीवरची पट्टी

सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ०.३५ आणि ०.४, आणि मोठी कोणती ते विचारलं. निम्म्याहून जास्त हात ०.३५ साठी वर गेले. असं का वाटतं, असं विचारल्यावर मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि अगदी ठामपणे म्हणाली, "बाई, पस्तीस मोठे ना चारपेक्षा!"

तिचं उत्तर चुकलं होतं, पण त्यामागे विचार होता. आम्हीच वर्गात "पॉइंट पस्तीस" वाचतो. मग मुलाला पस्तीस ऐकू येणार नाही तर काय? पाचवीत हीच मुलं दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी बिनचूक करून आली होती. चिन्हाखाली चिन्ह मांडायचं एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. चिन्हापुढचा अंक किती मोठा किंवा लहान आहे, हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं. प्रत्येक गटाने कागद चिकटवून एक मीटर लांबीची पट्टी बनवली. तिचे दहा भाग केले, मग प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. "पॉइंट" म्हणायचं नाही, "तीन दशांश पाच शतांश" म्हणायचं, असा नियम आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवला आणि तो मलाही लागू होता. पट्टीवर ०.३५ आणि ०.४ च्या जागी बोट ठेवल्यावर वर्गात जी कुजबुज झाली, ती मला अजून आठवते. त्यातली एक पट्टी आम्ही भिंतीवर लावली. ती सत्रभर तिथेच राहिली.

याच सुमारास मी सहकारी शिक्षिकेला एक विनंती केली: घड्याळ घेऊन मागच्या बाकावर बस आणि प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते ते मोज. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, असं त्यांना आढळलं. मी वाचलं होतं, पण ते माझ्याबद्दल आहे असं कधी वाटलं नव्हतं. मैत्रिणीने तासानंतर कागद पुढे केला. बहुतेक वेळा मी दीड सेकंदसुद्धा थांबले नव्हते. त्या सत्रात मला सगळ्यात जड गेलं ते हे थांबणं. शांतता झाली की कोणाला काही येत नाही असं वाटतं आणि उत्तर आपल्याच तोंडून निसटतं.

या थांबण्याची खरी परीक्षा झाली लंबकाच्या वेळी. प्रत्येक गटाला मीटरभर दोरा आणि टोकाला बांधायला काहीतरी दिलं. कोणाला खोडरबर, कोणाला नट, कोणाला दगड. दहा झोक्यांना किती सेकंद लागतात ते मोजायचं होतं. जड वस्तू भराभर झोके घेईल, असं जवळजवळ सगळ्यांनी आधी वहीत लिहून ठेवलं होतं. आकडे आले तेव्हा खोडरबर असो की दगड, वीस सेकंदांच्या आसपासच. फक्त एका गटाचे सारखे अठरा येत होते. त्यांनी दोरा बदलला, दगड बदलला, तिसऱ्यांदा मोजलं, तरी अठराच.

काय चुकतंय ते मला पहिल्याच फेरीत दिसलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी हात मागे बांधून उभी राहिले. पाच-सहा मिनिटं गेली असतील. शेजारच्या गटातला एक मुलगा, जो एरवी वर्गात फारसा बोलत नाही, त्यांच्याकडे टक लावून बघत होता. मग तो जवळ येऊन म्हणाला, "तुम्ही सोडतानाच एक म्हणताय. अजून झोका कुठे झालाय?" गट गप्प झाला. मग दोरा धरलेल्या मुलीने हळूच विचारलं, "मग सोडताना काय म्हणायचं?" आणि दोघा-तिघांकडून एकदमच आलं, "शून्य!" पुन्हा मोजलं, वीस आले. शून्यापासून मोजणं हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलंय. इतकं पक्कं ते कधीच बसलं नव्हतं.

पुढचा प्रश्न मी दिला: दहा झोके दहा सेकंदांत व्हायला हवेत, तर दोरा किती लांब? अर्थात निम्मा, पन्नास सेंटिमीटर, सगळ्यांचं एकमत. मोजले तर चौदाच्या आसपास. काहींना राग आला, दोरा ताणला जातो म्हणून त्याला दोष देऊन झाला. मग कोणी चाळीस करून बघितलं, कोणी तीस. पंचवीसला दहा सेकंद आले. वेळ निम्मा करायला लांबी पाव करावी लागते. वर्गमूळ त्यांना अजून शिकायचंय आणि मी तो शब्द काढलाही नाही. १६५६ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं आणि एका बाजूकडून दुसरीकडे जायला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक जवळजवळ मीटरभरच लांब असतो, एवढं मात्र सांगितलं. तेव्हा दोन-तीन जणांनी वळून भिंतीवरच्या पट्टीकडे पाहिलं.

उपक्रमाच्या वह्यांवर मी गुण देणं थांबवलं, नुसतं "छान" लिहिणंही. १९८८ मध्ये रूथ बटलर यांनी याच वयाच्या मुलांवर अभ्यास केला होता. ज्यांना फक्त शेरे मिळाले त्यांची कामगिरी सुधारली, आणि शेऱ्याबरोबर गुण दिले की तो फायदा उरला नाही. आपण गुण आधी बघतो हे कोणाला नवीन आहे? पालकांना मात्र हे पटवणं सोपं नव्हतं. "मग आमचं मूल कुठे आहे ते कसं कळणार?" हा प्रश्न रास्तच होता. शेवटी चाचण्यांना गुण आणि उपक्रमाला शेरे, असं ठरलं. एका वहीत मी लिहिलं होतं: "तुझी तिसरी नोंद बाकीच्यांपासून बरीच लांब आहे. पुन्हा मोजून बघशील?" तो मुलगा मधल्या सुट्टीत दोरा मागायला आला. गुणांसाठी आलेलं मूल मी पुष्कळ वेळा पाहिलंय. नोंदीसाठी आलेलं पहिलंच.

सगळं जमलं असं नाही. सुरुवातीला मी एक प्रकल्प घरून करून आणायला दिला. तक्ते देखणे आले, पण त्यावर प्रश्न विचारला की मुलं तक्त्याकडे अनोळखी असल्यासारखी बघत. तेव्हापासून प्रकल्प शाळेच्याच वेळात. त्यामुळे अभ्यासक्रमात दोन धडे मागे पडले आणि ते नंतर घाईने उरकावे लागले, याची मला खंत आहे. गटकामात एकाने लिहायचं आणि तिघांनी बघायचं हेही शेवटपर्यंत पूर्ण सुटलं नाही. सहामाही परीक्षेतही चार मुलांनी ०.६ पेक्षा ०.४५ मोठी म्हटलं. त्या चौघांसोबत पुन्हा पट्टीपासून बसायचंय.

शेवटचा उपक्रम सूर्यमालेचा होता. प्रमाण सोपं घेतलं: एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर. सूर्य चौदा सेंटिमीटरचा गोल झाला. पृथ्वी त्याच्यापासून पंधरा मीटरवर, जेमतेम पेन्सिलीच्या ठिपक्याएवढी आणि चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरसुद्धा नाही. गुरू ७८ मीटरवर गेला, नेपच्यून ४५० मीटरवर. तो मैदानात मावेना, म्हणून नकाशावरच दाखवला. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा याच प्रमाणात साधारण ४,००० किलोमीटर दूर निघाला. गणित मुलांनीच केलं. ते तीनदा तपासलं, कारण विश्वास बसत नव्हता.

ग्रहांचे व्यास सेंटिमीटरमध्ये लिहिलेला तक्ता भिंतीवर पट्टीशेजारी लावला होता. त्यासमोर उभा राहून एक मुलगा म्हणाला, "पृथ्वी ०.१३ आणि युरेनस ०.५? पृथ्वी मोठी कशी?" मी काही बोलणार एवढ्यात पहिल्या आठवड्यातली ती "पस्तीस मोठे" म्हणणारी मुलगी पुढे झाली. तिने त्याचं बोट धरून पट्टीवर ठेवलं, आधी एक दशांश तीन शतांशवर, मग पाच दशांशवर. मुलगा बघत राहिला आणि म्हणाला, "मग तसं लिहायचं ना!" तिने क्षणभर विचार केला, खिशातून पेन्सिल काढली आणि तक्त्यावरच्या ०.५ च्या पुढे बारीक अक्षरात एक शून्य लिहिलं.