सगळ्यांचं गेलंय की आपलंच?

लाइट गेली की मराठी माणूस आधी मेणबत्ती शोधत नाही, गॅलरीत जातो. समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार असला की जिवाला बरं वाटतं. गेली तर सगळ्यांचीच गेली, येईल तेव्हा येईल. समोर टीव्हीचा निळा उजेड नाचत असला तर मात्र पावलं मुकाट्यानं मीटरबोर्डाकडे वळतात. बिघाड घरात आहे की गल्लीत, हे त्या एका नजरेत कळतं. नेटची पंचाईत अशी की ते गेलं तर गॅलरीतून काही दिसत नाही. आतल्या खोलीतून ‘नेट गेलं’ अशी हाक येते, बाहेरच्या खोलीतून ‘राउटर बंद करून चालू कर’ असं उत्तर जातं, आणि नाडी न बघताच औषध दिलं जातं.

त्या औषधाला नावं ठेवायचं कारण नाही. राउटर हा छोटा संगणकच. महिनोन्महिने चालू राहिला की त्याची मेमरी अडकते; नव्यानं सुरू झाला की तो पुन्हा लॉगिन करतो, बऱ्याचदा वायफायसाठी कमी गर्दीचं चॅनलही निवडतो. म्हणून गुण येतो. फक्त बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबावं. पण हेच औषध दिवसातून दोनदा लागत असेल तर आधी भिंतीतल्या अ‍ॅडाप्टरवर संशय घ्यावा. बारा व्होल्टचा तो काळा ठोकळा काही वर्षांत थकतो. दिवे लागतात, पण राउटरनं जोर लावला की व्होल्टेज बसतं आणि तो आपोआप बंद होऊन सुरू होतो. पिन तीच, व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, असा दुसरा अ‍ॅडाप्टर लावून बघावा. आणि या नादात मागच्या बारीक भोकात टाचणी मात्र खुपसू नये. रीस्टार्ट म्हणजे डुलकी, रीसेट म्हणजे स्मृतिभ्रंश. युजरनेम, पासवर्ड सगळं पुसलं जातं, आणि केबलवाल्याचा मुलगा येईपर्यंत मग नेट खरोखरच जातं.

घरात फायबर, म्हणजे प्रकाशावर नेट आणणारी काचेची तार, आलेली असेल तर गॅलरीचं काम करणारा एक दिवा तिच्या टोकाच्या डब्यावर असतो. त्याच्यावर ‘एलओएस’ लिहिलेलं असतं. सिग्नल हरवल्याची खूण. हा दिवा विझलेला असणं हेच आरोग्य. तो लाल लुकलुकायला लागला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाहीये. मग फोनमधलं वायफाय शंभरदा तोडून जोडलं तरी उपयोग नाही. शेजारचा ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण पलीकडच्या, कंपनीच्या यंत्राशी ओळख पटत नाहीये.

लाल दिवा दिसला तरी फोन लावण्याआधी शोकेसच्या मागे डोकावावं. डब्यात शिरणारी ती पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी, म्हणजे पॅच कॉर्ड, आतून काचेची असते. प्रकाश वाहतो तो तिचा गाभा अवघा ९ मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. तांब्याची तार वाकवली तर ती निमूट सोसते. काचेतला प्रकाश मात्र वळणावर बाहेर सांडतो. साध्या फायबरला साधारण ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण लागतं, घरासाठीच्या खास जातींना १० किंवा ७.५ मिलिमीटरही चालतं. सोपा हिशोब असा की बांगडीएवढं वेटोळं कुणालाही चालतं; अंगठीएवढ्याच्या फंदात पडू नये. दिवाळीच्या साफसफाईनंतर लागलेला लाल दिवा बऱ्याचदा कपाट मागे सरकवताना चेपलेल्या दोरीचा असतो. तिच्या टोकाचा हिरवा कनेक्टरही नाजूक. त्याचं काचेचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्यात निळा बसतो, पण तोंडाला तोंड लागत नाही आणि प्रकाश वाया जातो. टोकाला बोट लावू नये, आणि त्यात डोळा लावून बघू तर मुळीच नये. तो प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

केबलवाल्याचा मुलगा येतो तो पॉवर मीटर घेऊन. त्याला ‘झालं का?’ विचारण्यापेक्षा ‘पॉवर किती येतेय?’ हे विचारावं. उत्तर मायनसमध्ये येतं. मायनस १८, मायनस २० म्हणजे छान. मायनस २५च्या पुढे काळजी, आणि मायनस २७ ही नेहमीच्या डब्यांची ऐकू येण्याची हद्द. दर ३ अंकांना प्रकाश निम्मा होतो. मायनस २० म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा हिस्सा. एवढ्याशा उजेडावर अख्खं घर चार खोल्यांत चार मालिका बघतं. तो आकडा तारखेसकट कागदावर लिहून डब्याला चिकटवून ठेवावा. पुढच्या खेपेला तो चारनं उतरलेला दिसला, तर वाटेतल्या कुठल्यातरी जोडात पाणी शिरलंय किंवा दोरी ताणली गेलीय हे भांडण न करता सिद्ध होतं.

दिवे सगळे हिरवे आणि तरी पडद्यावर गोल गोल फिरतंय, अशा वेळी ‘पिंग’. माइक मूस या अमेरिकन प्रोग्रॅमरनं ते १९८३च्या डिसेंबरात लिहिलं आणि नाव घेतलं पाणबुडीतल्या ‘सोनार’ यंत्राच्या आवाजावरून. हाक मारायची आणि पडसाद किती वेळात येतो ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, मग राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१, आणि शेवटी वजाचं चिन्ह लावून टी. अक्षरं नि आकडे अर्थात इंग्रजी. उत्तर पाचेक मिलिसेकंदांच्या आत, न चुकता यायला हवं. इथेच कधी ८०, कधी २००, मधेच ‘टाइम्ड आउट’ असं दिसलं तर दुखणं हॉल आणि बेडरूमच्या मधे आहे, कंपनीला फोन करून काय होणार? राउटर नीट बोलत असेल तर पुढची हाक ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या यंत्राला. तिथून उत्तर येतंय, पण नावानं साइट उघडत नाही, तर नावाचा नंबर शोधून देणारी डिरेक्टरी, म्हणजे डीएनएस, रुसलीय, सेटिंगमध्ये १.१.१.१ हा दुसऱ्या डिरेक्टरीचा पत्ता लिहिला की बहुधा भागतं. हाका दहा मिनिटं चालू ठेवाव्यात आणि सरासरीपेक्षा हरवलेल्या हाका मोजाव्यात. शंभरातल्या दोन हरवल्या तर सिनेमाला फरक पडत नाही, तो पुढचं आधीच भरून ठेवतो. फोनवर बोलणाऱ्याचे शब्द मात्र गळतात.

राउटर कुठे ठेवायचा हे बहुतेक घरांत केबलवाला ठरवतो: वायर जिथून आत आली तिथे. मग तो चपलांच्या रॅकवर नाहीतर टीव्हीच्या पाठीमागे जन्म काढतो. लाकडी दार लहरींना फारसं अडवत नाही. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिशटँक आणि स्वयंपाकघरातली स्टीलच्या डब्यांची मांडणी अडवते. कोकणातली चिऱ्याची किंवा जुन्या वाड्यातली दगडी भिंत तर वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ परत पाठवते. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोचतं, पण तिथे चाळ आहे. तेरा चॅनलांपैकी एकमेकांच्या अंगावर न येणारी तीनच, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतले सगळे राउटर त्या तीन खोल्यांत कोंबलेले. त्यात मायक्रोवेव्ह चालतो २४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे नेमका त्याच पट्ट्यात. भाजी गरम होईपर्यंत मीटिंग अडखळते. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीच्या उंचीला ठेवला की निम्म्या तक्रारी मिटतात. उरलेल्यांसाठी लोक स्वस्तातला रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पोचवणारा डबा, आणतात. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर कांड्या भरून दाखवतो आणि वेग निम्मा करतो. त्यापेक्षा वीस मीटर लॅन केबल ओढून पलीकडे दुसरा राउटर लावावा. दिसायला ओंगळ, पण खात्रीचं.

वेग मोजायचा तोही केबलनंच, लॅपटॉप थेट राउटरला जोडून. आणि इथे एक आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे: ९४. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण सकाळी मोजा, रात्री मोजा, ९४. आकडा वरखाली नाचत असेल तर कारणं दहा. पण जागचा न हलता ९४वर बसला असेल तर वाटेत कुठेतरी एक दुवा १००वर अडकलाय. डेटाच्या प्रत्येक पाकिटाला पत्त्याचा लिफाफा असतो. त्याचं वजन वजा जाता शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव हाती लागतात. लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. १००च्या वेगाला दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा. हजाराच्या वेगाला आठही लागतात. त्यातली एक तपकिरी तार टोकाशी नीट दाबली गेली नाही किंवा उंदरानं कुरतडली, की दोन्हीकडची यंत्रं मुकाट्यानं १००वर उतरतात. लाल दिवा नाही, तक्रार नाही. टोकाचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरून बघावा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची तोंडं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मागे राहिलेली दिसली तर चोर सापडला. तारा ठीक असतील तर राउटरचं पोर्टच १००चं आहे का ते बघायचं. जुन्या डब्यांत ते सर्रास असतं.

जाता जाता: प्लॅनमधला ‘एमबी’ बिटांचा आणि डाउनलोडमधला बाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागलं की १००च्या प्लॅनवर साडेबारा येतात. फसवणूक झालेली नसते.

वेग भरपूर आणि तरी कॉल तुटतोय, हे कोडं संध्याकाळी पडतं. लग्नाचे फोटो कुणाच्यातरी फोनमधून क्लाउडवर चढत असतात. वर जाणारा रस्ता तुंबला की राउटर पाकिटं टाकून न देता रांगेत उभी करतो आणि तुमच्या ‘हॅलो’ला त्या रांगेच्या शेवटी जागा मिळते. ताडून बघायला सोपं आहे. ८.८.८.८चं पिंग चालू ठेवून एखादी मोठी फाइल वर चढवावी. १५चा आकडा ३००वर गेला तर हेच. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ची, म्हणजे कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला आवरायचं हे ठरवण्याची, सोय असेल तर अपलोडला खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर लगाम घालावा. वेग थोडा जातो, बोलणं सुधारतं. आणि न्यू जर्सीतल्या नातवाशी बोलताना दर वाक्याला जे अर्ध्या श्वासाचं अंतर पडतं, ते कुठल्याच प्लॅननं मिटत नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, न्यू जर्सी सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर वाटेतच जातात, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही.

राहता राहिली वीज आणि पाऊस. शुद्ध फायबरच्या वाटेवरचे स्प्लिटर, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणारे तुकडे, विजेवर चालत नाहीत, म्हणून लाइट गेल्यावर डबा छोट्या डीसी यूपीएसवर, म्हणजे बॅटरीवर, ठेवला की नेट बहुधा चालू राहतं. पण फायबर बिल्डिंगच्या गच्चीवरच थांबून तिथल्या स्विचमधून, म्हणजे नेट वाटणाऱ्या विजेवरच्या डब्यातून, घरोघरी लॅन केबल आली असेल, तर तो स्विच ज्यांच्या मीटरवर आहे त्यांची लाइट गेली की तुमचंही नेट जातं. पाऊस सुरू होण्याआधी ती केबल बाहेरून एकदा बघून घ्यावी, आणि हे मात्र गॅलरीतून दिसतं: गच्ची ते गच्ची टांगलेली, आंब्याच्या फांदीवर घासणारी, मधे काळ्या टेपनं गुंडाळलेला जोड असलेली. खिडकीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिलेला असावा, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन बाहेरच ठिबकतं. झोळ नसेल तर ते तारेवरून ओघळत थेट डब्यापर्यंत येतं.