अल्माटीहून उश्तोबे: कोरियन लोकांचा इतिहास सांगणारं म्युझियम आणि बास्तोबे टेकडी

कझाकस्तानातल्या अल्माटीला हल्ली आपल्याकडचे बरेच जण जातात, १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही म्हणून, आणि मेदेओ, शिम्बुलाक, चारिन कॅन्यन करून परत येतात. एखादा दिवस जास्तीचा काढता आला तर उत्तरेला उश्तोबेला नक्की जा. करातल नदीच्या भागातलं साधंसं गाव आहे, तिथल्या इतिहासाच्या म्युझियममध्ये कोर्यो-साराम म्हणजे तिकडच्या कोरियन लोकांचा वारसा जपलाय.

हे लोक तिथे हौसेने आलेले नाहीत. २१ ऑगस्ट १९३७ ला स्टालिन आणि त्यांचे पंतप्रधान मोलोतोव यांच्या सहीने आदेश निघाला, जपानची हेरगिरी रोखायची असं कारण दिलं, आणि कोरियाला लागून असलेल्या सोव्हिएत अतिपूर्वेतल्या सुमारे १ लाख ७२ हजार कोरियन लोकांना गाड्यांमध्ये भरून कझाकस्तान-उझबेकिस्तानात आणून सोडलं, त्यातल्या कित्येकांना याच उश्तोबे स्टेशनवर. म्हणून ट्रेनने जाणार असाल तर उतरल्यावर लगेच टॅक्सी शोधू नका, दोन मिनिटं तिथे थांबा.

म्युझियम मोठं नाही, पण घाईत बघू नका. मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते जुन्या फोटोंपाशी. सामूहिक शेतीवरची माणसं ओळीने उभी, चेहरे कोरियन, आडनावं किम, पाक, त्सोय आणि पहिली नावं चक्क रशियन. करातलच्या पाण्यावर या लोकांनी भातशेती उभी केली, हातात काही नसताना, आणि वर नाटकसुद्धा सोडलं नाही! १९३२ मध्ये व्लादिवोस्तोकला सुरू झालेलं कोरियन थिएटर १९४२ ते १९५९ उश्तोबेत होतं, आता ते अल्माटीत आहे. ज्यांचं सगळं हिसकावून घेतलं त्यांनी आपल्या भाषेतलं थिएटर टिकवलं, हे मला फार मोठं वाटतं.

म्युझियम आधी करा आणि मगच गावाबाहेरच्या बास्तोबे टेकडीवर जा, उलटं नको. टेकडीपाशी स्मारकाचा दगड आहे, ९ ऑक्टोबर १९३७ ते १० एप्रिल १९३८ लोक इथे जमिनीत खड्डे खणून राहिले असं त्यावर कोरलंय. म्हणजे अख्खा कझाक हिवाळा. शेजारी कबरस्तान, काही दगडांवर रशियन लिपी, काहींवर कोरियन, आणि फोटोत बघितलेली तीच आडनावं. त्या हिवाळ्यात स्थानिक कझाक लोकांनी भाकरी दिली, आसरा दिला, त्याबद्दल आभार मानणारं स्मारकही तिथेच आहे, ते बघितल्याशिवाय निघू नका.

जायचं कसं, तर अल्माटीहून ताल्दीकोर्गानपर्यंत रस्त्याने साधारण २७० किमी आणि तिथून पुढे उश्तोबे साधारण ५० किमी. एका दिवसात जाऊन-येऊन दमछाक होते, ताल्दीकोर्गानला मुक्काम केलेला बरा. म्युझियम उघडं आहे का ते हॉटेलवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून विचारायला सांगा. इंग्लिशवर विसंबू नका, फोनमध्ये रशियन ट्रान्सलेट ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, रोख तेंगे (तिथलं चलन) जवळ असू द्या. टेकडीवर सावली नाही, वारा भरपूर, त्यामुळे मे किंवा सप्टेंबर उत्तम, जानेवारीत तर अजिबात नको.

जेवायला कुक्सी, थंड रश्श्यातल्या शेवया, पण बहुतेक वेळा त्यात मांस असतं. शाकाहारी असाल तर बाजारात गाजराचं कोरियन सॅलड मागा, लसूण-धणे-व्हिनेगरचं. हवी तशी कोबी मिळेना म्हणून या लोकांनी गाजरावर भागवलं असं म्हणतात, आणि आता ते तिकडे सगळ्यांच्याच टेबलावर असतं.