भाटघरच्या फुगवट्यावर तीन मुलं, दोन काठ्या आणि रिकाम्या हातांचा एक माणूस

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही तीन मुलांना घेऊन भोरजवळ भाटघर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साठलेल्या पाण्याच्या काठावर, गळ टाकायला गेलो होतो. माझी लेक सहा वर्षांची, धाकटा नुकताच चार पूर्ण झालेला आणि दादाचा मुलगा आठ वर्षांचा. मोठी माणसं चार: मी, नवरा, दादा आणि वहिनी. मुलं लहान असतील आणि असं काही करायचं तुमच्या मनात असेल, तर हे जाण्याआधी वाचा.

सुरुवात झाली अमेरिकेतल्या मिनेसोटातून. माझी ताई तिकडे असते. डिसेंबरात व्हिडिओ कॉलवर तिचा मुलगा गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला पाडलेल्या भोकाशी बसून मासा ओढताना दिसला आणि आमच्या घरात "आम्हाला पण" सुरू झालं. पुण्यात, आमच्या धायरीत कितीही थंडी पडली तरी तळं गोठत नाही, हे मुलांना पटवणं सोपं होतं. मासे पकडायचेच नाहीत, हे पटवणं अवघड होतं. मग ताईला विचारलं, तू एवढ्याशा पोराला बर्फावर नेतेस तरी कशी? ती म्हणाली, "आधी बर्फ, मग मूल." मोठं माणूस एकटं पुढे जातं, काही पावलांवर भोक पाडून जाडी मोजतं. स्वच्छ, घट्ट बर्फ किमान चार इंच असल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही. बर्फ पांढरा, भुसभुशीत असेल तर त्याची ताकद साधारण निम्मी धरायची. चुकून पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून बाहेर सरपटत यायला दोन टोकदार खिळे गळ्यात अडकवलेले असतात. आणि मुलांबरोबरच्या मोठ्यांपैकी एकजण गळाला हात लावत नाही. तो फक्त मुलं बघतो.

हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं. आमचा अख्खा दिवस त्यावर उभा होता.

जागा कुठली, यावर घरात बराच खल झाला. खडकवासला जवळ आहे, पण रविवारी तिथे इतकी गर्दी असते की तीन मुलं नजरेत ठेवणं कठीण. दादाच्या ओळखीचे एक मासेमार भाटघरच्या काठावरच्या गावात राहतात. मुलांनी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत आबा करून टाकलं. आधी त्यांना फोन करून विचारलं, कारण धरणांतल्या मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यांच्या पोटापाण्याच्या जागेवर न विचारता गळ टाकणं बरोबर नाही. विचारलं की बहुतेक वेळा माणसं मदतच करतात, आणि पाण्याखालची जमीन त्यांच्याइतकी कुणाला माहीत नसते. आम्हाला त्याचा फार मोठा उपयोग झाला.

पहाटे साडेपाचला निघालो. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, नसरापूर, मग कापूरहोळला उजवीकडे भोरचा रस्ता. मुलं झोपलेलीच होती. साडेसातच्या आत पाण्यापाशी पोहोचलो. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडे वारकरी पक्ष्यांचा काळा थवा.

मुलं गाडीतच ठेवून आबा, नवरा आणि मी खाली उतरलो. आबांनी हातात एक लांब वेळू घेतला आणि दर दोन पावलांवर जमिनीत खुपसत पुढे निघाले. वरून जमीन वाळलेली, भेगा पडलेली, अगदी टणक दिसत होती. पाण्यापासून दहा-बारा फुटांवर वेळू सहज हातभर आत गेला. पाणी जसं उतरतं तशी ही गाळपेर जमीन उघडी पडते. वर पापुद्रा वाळतो आणि खाली लोण्यासारखा गाळ राहतो. मोठ्या माणसाचा पाय घोट्यापर्यंत रुतला तर तो काढून घेतो. चार वर्षांचं मूल गुडघ्यापर्यंत रुतलं की घाबरून पुढे पडतं, आणि पुढे पाणी असतं. ताईचा बर्फ आणि आमचा गाळ, प्रकार एकच.

दुसरी गोष्ट आबांनी दाखवली ती मला कधीच सुचली नसती. "ताई, हितं पूर्वी भातखाचरं हुती. पाण्याखाली बांध तसंच हायती. मानूस गुडघाभर पाण्यात चालतंय, चालतंय, आन् एकदम बांधावरनं खाली. छातीभर." म्हणजे धरणाचा काठ समुद्रासारखा हळूहळू उतरत नाही, तो पायऱ्यांनी उतरतो. "फक्त पाय बुडवू दे" ही सवलत फुगवट्यावर मुलांना देऊ नका. आम्ही एकदाही दिली नाही.

शेवटी मुरमाची एक सपाट जागा मिळाली, जिथे वेळू आत जातच नव्हता. तिथे पाण्यापासून चार पावलं मागे फक्कीची जाड रेघ मारली. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच फक्की. एक पिशवी पुरून उरते. रेघेच्या मागे मुलं, रेघेच्या पुढे फक्त मोठी माणसं. "पाण्याजवळ जाऊ नकोस" हे चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, कारण जवळ म्हणजे किती ते त्याला माहीत नसतं. पांढरी रेघ कळते. ती ओलांडली तर आऊट, हे तर फारच कळतं.

लाइफ जॅकेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बोटिंगच्या ठिकाणी मिळणारी मोठ्यांची जॅकेटं मुलांना घालून काहीही उपयोग नाही; मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि मूल खालून सटकतं. जॅकेटवर वजनाचा आकडा लिहिलेला असतो, तो मुलाच्या वजनाशी जुळवा. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून येणारा पट्टा हवाच, आणि डोकं पाण्याच्या वर धरणारी मागची कॉलर असेल तर उत्तम. घातल्यावर खांद्यापाशी धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. फुगवायच्या रिंगा आणि दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. आमचा नियम होता की गाडीतून उतरताना जॅकेट अंगावर, गाडीत बसल्यावरच काढायचं. धाकट्याने पहिली दहा मिनिटं कुरकुर केली. मग थंडीत ते उबदार वाटायला लागलं आणि प्रश्न मिटला.

काठ्यांचं सोपं ठेवलं. रीळ नाही, महागडा रॉड नाही. सात-आठ फुटांचा वेळू आणि काठीपेक्षा लांब नसलेला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा. दोरा काठीपेक्षा लांब झाला की गळ कुठे जाईल यावर मुलाचा ताबा राहत नाही. तरंगायला बुचाचा तुकडा, गळ बुडायला छोटी शिशाची गोळी, अगदी लहान गळ. गळाच्या टोकाजवळ जो उलटा काटा असतो, तो नवऱ्याने घरीच पक्कडीने दाबून सपाट केला होता. त्यामुळे एखाददुसरा मासा निसटतो, पण गळ कुणाच्या बोटात घुसलाच तर आला तसा बाहेर निघतो. शिशाची गोळी दोऱ्यावर बसवताना दातांनी दाबायची सवय अनेकांना असते. शिसं विषारी आहे, मुलांसमोर तर ते करूच नका. चारा म्हणून कुंडीतली गांडुळं आणि हळद घातलेली घट्ट कणीक. कणकेत कापसाचे चार धागे मळले की गोळी पाण्यात लवकर सुटत नाही.

तीन मुलांत दोनच काठ्या नेल्या होत्या, मुद्दाम. एका काठीशी एक मूल आणि त्याच्या हाताच्या अंतरावर एक मोठा माणूस. तिसरं मूल वहिनीजवळ गांडुळांच्या डब्यापाशी. चौथा माणूस रिकाम्या हातांचा: काठी नाही, फोन नाही, चहाचा कप नाही. तो फक्त मुलं मोजतो. दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची आणि बदलताना तोंडाने म्हणायचं, "आता मी." हे बोलणं महत्त्वाचं आहे. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. बहुतेक वेळा ते आवाज न करताच खाली जातं.

एक चूक आमच्याकडूनही झालीच. साडेआठच्या सुमाराला भाच्याचं बुच झपकन खाली गेलं आणि सगळे एकदम "ओढ, ओढ" करत त्याच्याकडे वळले. तेव्हा पाळी माझी होती, आणि मीही वळले. दोन-तीन सेकंद असतील. मागे पाहिलं तर धाकटा रेघ सोडून बाजूला, आम्ही न तपासलेल्या गाळाकडे गेला होता आणि त्याचा एक पाय पोटरीपर्यंत आत होता. पाणी अजून लांब होतं, जॅकेट अंगावर होतं, मी लगेच उचललं. बूट आतच राहिला. पण माझे हात बराच वेळ कापत होते. त्यानंतर रेघ दोन्ही बाजूंनी वाढवून पूर्ण चौकोन केला, आणि मासा लागला तर पाळीवाल्याने माशाकडे पाठच करायची असं ठरलं. तुम्ही पहिल्यापासूनच चौकोन मारा.

भाच्याचा मासा चिलापी होता, तळहाताएवढा. मूळचा आफ्रिकेचा हा मासा भारतात १९५२ साली आणला गेला आणि आता आपल्याकडच्या किती तरी तलावांत सापडतो. पाठीवरचे काटे तो उभे करतो, म्हणून धरताना ओला हात डोक्याकडून मागे सरकवायचा, म्हणजे काटे मिटतात. मिशा असलेला मासा आला तर मुलांना हात लावू देऊ नका. शिंगटीसारख्या माशांच्या कल्ल्यांमागचे काटे ताठ आणि टोकदार असतात, आणि शिंगी माशाचा काटा तर विषारी, फार आग करणारा असतो. तो आबांसारख्या माणसानेच सोडवावा.

गळ फेकताना मागे कुणी नाही ना, हे मुलाला दर वेळी म्हणायला लावायचं. सगळ्यांच्या डोक्यावर टोपी हवी आणि चष्मा असेल तर चष्माही. आमच्या इथे गळ फक्त दादाच्या बाहीत अडकला. कातडीत खोल रुतला तर उपसू नका, दवाखान्यात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याजवळ लागला तर अजिबात हात न लावता वरून सैल झाकून थेट डॉक्टरांकडे. काठी उभी करण्याआधी वर बघा. शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा कधी कधी फार खाली असतात.

आमच्याजवळ पाच लिटरचा रिकामा कॅन होता. झाकण घट्ट लावून, कडीला वीस-बावीस फूट दोरी बांधलेली. कुणी पाण्यात पडलं तर उडी न मारता तो फेकायचा. पोहता येणारेही वाचवायला उतरून बुडतात. पाण्यातून काढलेल्या मुलाचं पोट दाबू नका, त्याला उलटं टांगू नका. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास असं चालू ठेवायचं, आणि दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. हे वाचून येत नाही. मी आणि नवऱ्याने जाण्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं, तुम्हीही घ्या. काठावर काही ठिकाणी रेंज जाते. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी कुणाला तरी सांगून निघा.

धरणाच्या भिंतीखाली, नदीच्या पात्रात मात्र मुलांना घेऊन कधीही बसू नका, कोरडं दिसत असलं तरी. भाटघरला पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडणारे दरवाजे आहेत. आणि पावसाळ्यात हा बेतच करू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब वाहून गेलं, त्यात लहान मुलं होती. पाणी वाढायला किती कमी वेळ लागतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. पावसाळा हा माशांचाही विणीचा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपली वेळ. एप्रिल-मे महिन्यांत ऊन तापतं आणि दुपारनंतर वळवाचा भरवसा नसतो. गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली टाकून गाडीत बसायचं.

मुलांचा उत्साह खरा पाऊण तास टिकला. हे धरूनच जा. नंतर काठ्या आम्ही गुंडाळल्या आणि मुलं चौकोनात बसून खंड्याचे सूर मोजत राहिली. त्याने अकरा सुरांत तीन मासे धरले. आम्ही सगळ्यांनी मिळून पाच. दोन लहानगे सोडून दिले. तीन आबांच्या घरी तव्यावर तांदळाच्या पिठात घोळवून झाले. चिलापीत रोहूसारखे बारीक दुहेरी काटे नसतात, त्यामुळे मुलांना काटे काढून देणं सोपं जातं. गरम भाताबरोबर धाकट्याने दोनदा मागून खाल्लं.

निघताना तुटलेल्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा उचलून डब्यात भरला. पक्ष्यांच्या पायात तो अडकला की सुटत नाही. लेकीने स्वतःहून आधीच्या कुणाचा तरी हातभर तंगूसही शोधून आणला.

अकराला परतीला लागलो. भाच्याला पुन्हा यायचंय. आबा म्हणाले, फेब्रुवारीत या, पण तोवर पाणी आणखी उतरलेलं असेल, ही मुरमाची जागा पाण्यापासून लांब पडेल. काठ पुन्हा पहिल्यापासून वेळूने तपासावा लागणार. उरलेली फक्की डिकीतच ठेवली आहे. चार वर्षांच्या पायाचे नवे बूट आणायचेत.